‘कुणाच्या परवानगीने बंद केलंस?’

वाचकाचं पत्र

मॅडम,

मी २७ वर्षांची आहे. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झाल्यावर सी-डॅकचा सिस्टीम्स आणि सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा डिप्लोमा केला. तीन वर्षं एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. पगार २४ हजार. फायरवॉल, नऊ सर्व्हर, हॉस्टेलचं वायफाय, निकालाच्या दिवशी वेबसाइट आणि वरच्या मजल्यावरचे प्रिंटर, सगळं माझ्याकडेच आहे.

गेल्या महिन्यात रात्री दोनला मोबाइलवर अलर्ट आला. एका विभागप्रमुखांच्या मेल खात्यातून हजारो मेल बाहेर जात होते. मी घरून लॉगिन करून खातं बंद केलं. सकाळी अकराला वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, ‘कुणाच्या परवानगीने बंद केलंस?’ त्या विभागप्रमुख सरांचे परिषदेचे मेल अडकले होते. वर ‘हे बाहेर बोलू नकोस’ असंही सांगितलं. माझं चुकलं का?

आता पुण्यातल्या एका कंपनीच्या सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमधून (संगणक जाळ्यांवरच्या हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागातून) वर्षाला ५ लाख २० हजारांची ऑफर आली आहे. रात्रपाळी आहे. बाबा म्हणतात, विद्यापीठ सोडू नकोस, आज ना उद्या कायम होशील. मैत्रिणी म्हणतात, तिथे राहिलीस तर जन्मभर प्रिंटर नीट करत बसशील. मला हे काम मनापासून आवडतं. यात करिअर आहे का? नाव छापू नका.

— मराठवाड्यातून एक वाचक

उत्तर

तुझं पत्र वाचून मी आधी वेळेचा हिशेब मांडला. रात्री दोनला तुला कळलं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्यांना कळवावा लागतो. म्हणजे सकाळी आठपर्यंत. अकराला तुला केबिनमध्ये उभं करून जाब विचारला, तेव्हा ती मुदत संपून तीन तास झाले होते. त्या खोलीत विचारायला हवा होता तो प्रश्न ‘कळवलं का?’ हा होता. तो कुणी विचारला नाही.

तुझं चुकलं नाही. खातं बंद करायलाच हवं होतं. आणखी तासभर ते चालू राहिलं असतं, तर तुमच्या विद्यापीठाचा मेल सर्व्हर स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला असता आणि एका सरांचे नव्हे, सगळ्या विभागांचे मेल परत येऊ लागले असते.

तू मला मॅडम म्हटलं आहेस. विद्यापीठात सगळ्यांना तीच सवय असते. मी तुला तू म्हणते. मी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात ३१ वर्षं काढली. पहिली चार रोजंदारीवर, शेवटची बारा सिस्टीम मॅनेजर म्हणून. तेव्हा हे सगळं आतून पाहिलेलं सांगते आहे.

उत्तर आधी देते, कारणं मागून. हो, यात करिअर आहे आणि ते चांगलं आहे. तरीही तू पुण्याला जा. जाण्याआधी दोन कामं पुरी करून जा. आणि तीन-चार वर्षांनी रीतसर जाहिरातीतून, कायम पदावर, एखाद्या विद्यापीठात परत ये. ही ऑर्डर सोड, हा पेशा सोडू नकोस.

बाबांपासून सुरुवात करते, कारण तुझी खरी ओढाताण तिथे आहे हे मला कळतं. लेकीने रात्री पुण्यात कुठेतरी कंपनीत बसावं हे त्यांना रुचत नसणार, आणि विद्यापीठ म्हणजे सरकारी, म्हणजे कायमचं, असं आपल्याकडे दोन पिढ्यांनी पाहिलं आहे. पण १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उमादेवी खटल्यात सांगून ठेवलं आहे की जाहिरात आणि निवडीची रीतसर प्रक्रिया न होता तात्पुरत्या किंवा कंत्राटी नेमणुकीवर लागलेल्या माणसाला, केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात याच न्यायालयाने वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्या कामगारांची बाजू घेतली आणि उमादेवीच्या निकालाचा आधार घेऊन माणसांना पिळू नका असंही सुनावलं, हे खरं. पण त्या बायामाणसांनी त्यासाठी दहा-वीस वर्षं झाडलोट केली आणि मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. तुझ्या बाबांना हे शांतपणे सांग. ‘आज ना उद्या’ यात उद्या कोणता, ते कुणीच लिहून देत नाही. माझ्या केंद्रात एक मुलगा होता, उत्तम हात होता त्याचा. तो अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर चौदा वर्षं राहिला. चाळिशी ओलांडल्यावर जाहिरात आली तेव्हा तो वयात बसेना.

मैत्रिणींच्या प्रिंटरबद्दल मात्र मला राग आला. भारतात इंटरनेट कुठल्या दाराने आलं, हे त्यांना सांग. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेट हे जाळं सुरू केलं. त्यात आयआयटी होत्या, बंगळूरची आयआयएस्सी होती आणि आपल्या जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था होती. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे नऊ वर्षांनी. मी लागले तेव्हा रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. तेवढ्यासाठी आम्ही अकरापर्यंत थांबायचो, मोडेमने जुहूला फोन लावायचो आणि दिवसभराची मेल एकदम आणायचो. लाइन मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून. सकाळी त्या मेलचे कागद छापून प्राध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. तुमच्या विद्यापीठाच्या पत्त्याच्या शेवटी ‘एसी डॉट इन’ आहे ना, ते नाव आजही अर्नेटच देतं.

आणि प्रिंटर नीट करणाऱ्यांच्या हातात काय असतं, ते २०१७ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका एकाच हंगामात स्कॅन करून पडद्यावर तपासायला घेतल्या. पूर्वतयारी अपुरी होती. निकाल महिनोन्‌महिने लांबले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. ‘एवढे स्कॅनर, एवढं जाळं, एवढी माणसं, हे जूनपर्यंत होणार नाही’ असं लेखी सांगणारं कुणीतरी आणि ते ऐकणारं कुणीतरी, ही दोन माणसं विद्यापीठाला लागतात. त्यातलं पहिलं माणूस होण्याचं शिक्षण तुझं चाललं आहे.

विद्यापीठाचं जाळं सांभाळणं बँकेच्या जाळ्यापेक्षा अवघड असतं, हे पुण्यात गेल्यावर तुला जास्त कळेल. बँक दारं लावून बसू शकते. आपल्याकडे दर जुलैला हजारभर नवी पोरं आपापले फोन घेऊन येतात, भौतिकशास्त्राच्या सरांच्या टेबलाखाली त्यांनी स्वतःच लावलेला सर्व्हर धूळ खात चालू असतो, पाहुणे संशोधक येतात, ग्रंथालयाला जगभरची नियतकालिकं उघडी लागतात. उघडं असणं हा विद्यापीठाचा स्वभावच आहे. आणि हल्ला करणारा कधी कधी आपलाच विद्यार्थी असतो. २ नोव्हेंबर १९८८ ला एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या ज्या वर्म प्रोग्रॅमने त्या काळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं अडवून धरली, तो कॉर्नेल विद्यापीठातल्या एका संशोधक विद्यार्थ्याने लिहिला होता. आमच्याकडेही एकदा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने हॉस्टेलच्या लॉगिन पानातून भोक पाडलं होतं. त्याला पोलिसात द्या असा आग्रह झाला. मी त्याचा लेखी जबाब घेतला, वडिलांना बोलावलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याला माझ्यासमोर बसवून ते भोक त्याच्याकडूनच बुजवून घेतलं. कंपनीत तो फक्त आरोपी ठरला असता. आपल्याकडे तो आरोपी होता आणि विद्यार्थीही होता, आणि दुसरी गोष्ट विसरून चालत नाही. हे काम तुला आवडतं असं तू लिहितेस, त्याचं एक कारण बहुधा हेच असेल.

आता या पेशाच्या गाभ्याकडे येते. तू रात्री दोनला तो अलर्ट पाहिलास आणि उठलीस. ही गोष्ट कोर्समध्ये शिकवता येत नाही. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. ७५ सेंट म्हणजे कुणी ढुंकून पाहणार नाही अशी रक्कम. तिथला सिस्टीम सांभाळणारा क्लिफर्ड स्टॉल मूळचा खगोलशास्त्रज्ञ. तो त्या फरकाच्या मागे लागला आणि लष्कराच्या यंत्रांत घुसून माहिती चोरणाऱ्या, जर्मनीत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचला. लहानसा फरक दिसणं आणि तो सोडून न देणं, यावर आपली भाकरी आहे.

माझ्या हातून एक लहान फरक सुटला होता. तो कसा सुटला ते तुला सांगते, कारण तुझ्या दोन कामांतलं एक त्यातूनच निघतं. आमच्याकडे परीक्षा विभागाच्या डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री टेपवर जायचा. पांढऱ्या पट्टीवर तारीख, माझी सही, मग गोदरेजच्या कपाटात. एका उन्हाळी परीक्षेच्या वेळी निकालाला नऊ दिवस असताना सर्व्हरचा डिस्क कंट्रोलर गेला आणि जाताना डिस्कवरचा डेटा बिघडवून गेला. मी रात्री अकराला आदल्या दिवशीची टेप ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह खरखरला, थांबला, आणि पडद्यावर आलं: शून्य फाइल. त्याच्या आदल्या दिवशीची घातली. शून्य. आठवड्यापूर्वीची, महिन्यापूर्वीची, सगळ्या रिकाम्या. सात महिन्यांपूर्वी आम्ही डेटाबेसची नवी आवृत्ती टाकली होती, तेव्हा फाइलींची जागा बदलली. बॅकअपची स्क्रिप्ट मात्र इमानाने रोज जुन्या जागेचा रिकामा फोल्डर टेपवर भरत होती आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, ‘यशस्वी’ असं लिहीत होती.

त्याच लॉगमध्ये लागलेला वेळही लिहिलेला होता. आधी रोज पावणेदोन तास लागायचे. त्या दिवसापासून ४० सेकंद. सात महिने, दोनशेच्या वर रात्री, ४० सेकंद. मी रोज ‘यशस्वी’ वाचत होते, शेजारचा आकडा वाचत नव्हते.

परीक्षा विभागातल्या एका वरिष्ठ लिपिक बाईंनी आम्हाला तारलं. त्यांना यंत्राचा भरवसा नव्हता. प्रत्येक विषयाचे गुण भरून झाले की त्या आपल्यापुरती एक सीडी काढून साडीच्या खोक्यात ठेवायच्या. त्या सीडींवरून आणि कागदी गुणपत्रकांवरून अकरा जणांनी आठ दिवस, रात्रंदिवस बसून सगळं पुन्हा उभं केलं. निकाल दोन दिवस उशिरा लागला. बाहेर कुणाला काही कळलं नाही. मला आजही कधी कधी तो ड्राइव्हचा आवाज ऐकू येतो.

म्हणून पहिलं काम: जाण्याआधी एक बॅकअप खरोखर परत चढवून बघ. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी जाळ्यापासून तोडलेलं जुनं यंत्र घे, त्यावर परीक्षेचा डेटाबेस उभा कर, चारपाच विद्यार्थ्यांचे बैठक क्रमांक घेऊन त्यांचे गुण कागदी लेजरशी ताडून बघ, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळ लागला ते लिहून ठेव. सहा तास लागले तर सहा तास. वरच्यांना तो आकडा आधी माहीत हवा, निकालाच्या आदल्या रात्री नव्हे. आणि एक प्रत अशी ठेव की तिला कुठलीच तार जोडलेली नाही. आजकालचे खंडणीखोर आधी बॅकअप शोधतात आणि मग बाकीचं कुलूपबंद करतात.

दुसरं काम त्या ‘कुणाच्या परवानगीने?’ला उत्तर देण्याचं आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज चढला असेल, पण प्रश्न चुकीचा नाही. सही-शिक्क्याच्या संस्थेत एका कंत्राटी मुलीने विभागप्रमुखांचं खातं बंद करायचं, ते कुठल्या अधिकाराने? याचं उत्तर कागदावर असायला हवं, आणि तो कागद तूच करून द्यायचा आहेस. अर्ध्या पानाची टिपणी कर. मी मसुदा देते:

‘विद्यापीठाच्या संगणक जाळ्यातील एखादे खाते, यंत्र किंवा सेवा बाहेरील व्यक्तीच्या ताब्यात गेल्याची सबळ लक्षणे दिसल्यास ते खाते, यंत्र किंवा सेवा तात्काळ बंद करण्याचे अधिकार सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर यांना राहतील. बंद केल्यापासून ३० मिनिटांच्या आत संबंधित विभागप्रमुख व कुलसचिव यांना दूरध्वनीने व ई-मेलने कळवावे. खात्यातील मजकूर वाचू नये. पुढील कामकाजाच्या दिवशी या कारवाईचा आढावा घेण्यात यावा. सर्ट-इन यांना विहित मुदतीत कळवण्याची जबाबदारी संगणक केंद्राच्या संचालकांची राहील.’

यातलं ‘मजकूर वाचू नये’ हे वाक्य गाळू नकोस. तेच वाक्य प्राध्यापकांचा विरोध मोडून काढतं. आढाव्याचं वाक्य कुलसचिवांना धीर देतं, कारण त्यांनी दिलेला अधिकार रात्रीपुरता आहे आणि सकाळी तो त्यांच्याकडे परत येतो. टिपणी केंद्राच्या संचालकांमार्फतच वर पाठव, त्यांना वगळून नको. आवक क्रमांक घे, पोच आपल्याकडे ठेव. सोबत सर्ट-इनच्या निर्देशांची प्रत जोड. त्यात सहा तासांची अट आहे आणि लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचीही आहे. तुम्ही राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली असाल, तर तुमच्याकडे माहिती तंत्रज्ञान मंडळ हे प्राधिकरण असतं. पुष्कळ ठिकाणी त्याच्या बैठकीत संगणक खरेदीखेरीज काही येत नाही. हा विषय तिथे मांडायला संचालकांना सांग. मंजुरी तुझ्या काळात मिळाली नाही, तरी नस्तीत टिपणी राहते, आणि तुझ्या खुर्चीवर येणाऱ्या पुढच्या मुलाला ती सापडते.

‘बाहेर बोलू नकोस’ हे मला सगळ्यात जास्त खटकलं. गावभर सांगत फिरू नये हे ठीकच. पण झाकून ठेवण्याची किंमत मोठी असते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात १५ आणि १६ ऑक्टोबर २०१९ ला आलेल्या फसव्या मेलवर कुणीतरी क्लिक केलं. घुसणारे दोन महिने आत फिरत राहिले आणि २३ डिसेंबरला, नाताळची सुट्टी तोंडावर असताना, त्यांनी २६७ सर्व्हर कुलूपबंद केले. विद्यापीठाने ३० बिटकॉइन खंडणी भरली, तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो. भरावी की नाही यावर मी काही बोलत नाही, तो निर्णय त्यांचा होता. पण फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी काय घडलं, कुठे चुकलं, याचा सगळा अहवाल लोकांसमोर ठेवला. त्यामुळेच आज तो तारखांसकट मी तुला सांगू शकते, आणि तो वाचून मी आमच्या केंद्रातल्या तीन गोष्टी बदलून घेतल्या होत्या. आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा असाच अडकला. जाळ्याचे कप्पे नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारने संसदेत सांगितलं. तुमच्या हॉस्टेलच्या वायफायवरून परीक्षा विभागाचा सर्व्हर दिसतो का? उद्या सकाळी आधी एवढं बघ. दिसत असेल, तर पुण्याची ऑफर, माझं उत्तर, सगळं बाजूला ठेव आणि ते बंद करून घे.

आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्या जाहिरातीत लिहिलेली नसते. तुझ्या हातात सगळ्यांच्या किल्ल्या आहेत. कधीतरी कुणी मोठा माणूस तुला हळूच सांगेल, ‘अमक्याच्या मेलमध्ये काय आहे जरा बघून सांग.’ मला सांगितलं होतं, नोकरीच्या नवव्या वर्षी. चहा मागवून, अगदी गोड बोलून. मी म्हटलं, ‘सर, लेखी द्या, मी फाइलवर घेते.’ लेखी आलं नाही, विषय संपला. त्यानंतर वर्षभर माझी एक बढतीची फाइल पुढे सरकली नाही, हेही खरं आहे. पण पुढे निवडणुकीच्या भांडणात दोन गट एकमेकांवर पाळतीचे आरोप करत होते, तेव्हा दोन्ही गटांनी ‘मतमोजणीचं यंत्र मॅडमकडे द्या’ असं म्हटलं. गुण बदलायला कुणी तोंडी सांगितलं, तरी उत्तर तेच: लेखी द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा सांभाळण्यातल्या हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने हे करू नकोस. ती पोरं आपले आधार क्रमांक, जातीचे दाखले, आईवडिलांच्या उत्पन्नाचे दाखले आपल्या स्वाधीन करतात. आपण नीट वागू असं गृहीत धरून करतात.

आता पुण्याबद्दल. सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये पहिलं वर्ष बरंचसं अलर्ट बघून पुढे पाठवण्यात जातं. म्हणून ऑफर घेण्याआधी विचार: पुढे पाठवलेल्या प्रकरणाचं काय झालं, ते मला बघायला मिळेल का? उत्तर ‘हो’ असेल तर जा, तिथे एका वर्षात जितके हल्ले पाहशील तितके विद्यापीठात दहा वर्षांत दिसणार नाहीत. ‘नाही’ असेल तर दुसरी ऑफर शोध. तुझी तीन वर्षं पाहून ती मिळेल. बाँड असेल तर सही करू नकोस. रात्रपाळीचं म्हणशील, तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेबरोबर घराच्या दारापर्यंत वाहनाची सोयही मालकाने करायची असते. हे बाबांना दाखव. त्यांची निम्मी काळजी पगाराची नाहीच, त्या रस्त्याची आहे.

पुण्यात असताना लिनक्स आणि नेटवर्किंग सोडू नकोस. एथिकल हॅकिंगचे शनिवार-रविवारचे कोर्स चकचकीत असतात, पण डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी व्यवस्था, कशी चालते हे माहीत नसलेला माणूस त्यात फक्त बटणं दाबायला शिकतो. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए परीक्षा दे; ती चालू यंत्रावर प्रत्यक्ष काम करून द्यायची असते, पाठांतर चालत नाही. मग जाहिराती बघत राहा: आयआयटी मुंबई, पुण्याचं आयसर, नागपूरचं व्हीएनआयटी, वर्ध्याचं केंद्रीय विद्यापीठ, आणि राज्याची विद्यापीठं तर आहेतच. केंद्राच्या संस्थांत लेव्हल १० च्या पदाचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. कंपनीत जाऊन आलेली आणि विद्यापीठाचा स्वभाव ओळखणारी माणसं मुलाखतीला फार थोडी येतात. मी निवड समित्यांवर बसले आहे. ‘तुम्ही शेवटचा बॅकअप कधी परत चढवून पाहिला?’ असं मी प्रत्येकाला विचारायचे. बहुतेक जण छताकडे बघायचे.

राजीनामा निकालाच्या हंगामात देऊ नकोस. निकाल लागू दे, मग महिन्याची नोटीस दे. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक सर्व्हर काय करतो, कुठे आहे, कशावर अवलंबून आहे, ते साध्या मराठीत वहीत लिहून संचालकांच्या हाती दे आणि पोच घे. आणि शेवटच्या दिवशी, निघण्याआधी, तुला माहीत असलेला प्रत्येक पासवर्ड तुझ्यासमोर बदलून घे. नवे पासवर्ड टाइप होताना तू खिडकीकडे तोंड करून उभी राहा.